जुनं विमान घेताना आधी लॉगबुक

सेस्ना १७२ हे चार आसनी छोटं विमान स्वस्तात मिळालं म्हणून घाईनं बयाणा देऊ नका. खरा खर्च इंजिनात असतो.

१. लॉगबुकात (विमानाच्या उड्डाणांची आणि दुरुस्त्यांची नोंदवही) शेवटच्या ओव्हरहॉलनंतरचे, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्यानं जुळवल्यानंतरचे तास बघा. अनेक सेस्ना १७२ मध्ये असणाऱ्या लायकमिंग ओ-३२० इंजिनाची ओव्हरहॉलची मुदत साधारण २००० तास किंवा १२ वर्षं, आधी येईल ती. १५०० तास झाले असतील, तर ओव्हरहॉलचा पाऊण खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

२. तास कमी, पण वर्षानुवर्षं उभं? इंजिनाच्या आतला कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) गंजलेला असू शकतो. मेकॅनिककडून तेलाचा फिल्टर कापून घ्या, कागदाच्या घड्या उलगडून चुंबक फिरवा. लोखंडाचा कीस चिकटला तर सौदा सोडा, कितीही जीव जडला असला तरी.

३. विमान जिथे ठेवणार, तिथे त्याचं इंधन मिळतं का, हे आधी विचारा.

जपा: थंडीतल्या चाचणी उड्डाणावर भुलू नका. संभाजीनगरची धावपट्टी सुमारे १९०० फूट उंचीवर आहे. उंचीवर आणि उन्हात हवा विरळ होते, म्हणून मे महिन्यातल्या ४० अंशांत तेच विमान जड चढतं. विमानाच्या पुस्तिकेतला उड्डाण आणि चढाईचा तक्ता त्याच तापमानाला वाचा.