कोकणातल्या ओल्या हवेत डोंगळ्यांसाठी स्वस्तातलं घरगुती वारूळ

पाऊस लागला की दरवर्षी वाडीतली दोन-तीन पोरं येऊन विचारतात, दादा मुंग्या पाळायच्यात, घर कसं बनवायचं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो. व्हिडिओत जे बघता त्यातलं बरंचसं कोरड्या हवेत राहणाऱ्या लोकांनी केलेलं असतं, त्यांची सगळी धडपड घरटं ओलं राहावं म्हणून. आपल्याकडे नेमकं उलटं. वर्षाला 2500-3000 मिलिमीटर पाऊस, चपलांवर बुरशी धरते, मग मुंग्यांचं घर कुजू नये हेच आपलं खरं काम.

मुंगी कुठली घ्यायची? डोंगळा. मोठा काळा असतो, दिसतो नीट, सांभाळायला सोपा. ओंबील नको, ते पानं शिवून झाडावर घर करतात, डब्यात त्यांचं जमत नाही आणि चावतात कसे ते आंबे काढणाऱ्याला विचारा. राणी मिळवायला वारूळ खणू नका, खणून राणी मिळणं कठीण आणि अख्खी वसाहत फुकट मरते. पहिले एक-दोन दणकून पाऊस झाले की रात्री पडवीतल्या दिव्याखाली बघत राहायचं, वाळवीचे पंखवाले किडे पडतात तेव्हाच कधीतरी पंख गळालेली, जाड पाठीची राणी भिंतीच्या कडेने पळताना सापडते.

तिचं पहिलं घर म्हणजे साधी टेस्ट ट्यूब, शाळेच्या लॅबचं सामान मिळतं तिथे मिळेल, 15 सेंटीमीटर लांबीची घ्या. एक तृतीयांश पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, मग तोंडाला दुसरा कापूस. झालं. काळ्या कागदात गुंडाळून ठेवा आणि आठवड्यातून एकदाच बघा, रोज उचलून बघितलं तर राणी घाबरते, स्वतःची अंडी खाऊन टाकते. खायला काही घालायचं नाही, डोंगळ्याची राणी आपल्या अंगातल्या साठ्यावर पहिली पिल्लं वाढवते, पंखांचे स्नायू आता लागत नाहीत ना, तेसुद्धा त्यातच कामी येतात. पहिल्या कामकरी मुंग्या यायला महिना-दीड महिना, कधी जास्तच लागतो.

आता ट्यूब ठेवायची कुठे, हे मी फार मोठी किंमत देऊन शिकलो. माझी पहिली राणी मी कपड्यांच्या कपाटात ठेवली, अंधार छान होता, पण कपड्यांत डांबराच्या गोळ्या होत्या. चार दिवसांत गेली. अंडी घातलेली होती तिने. अजून वाईट वाटतं. तर डांबरगोळ्या, मच्छर कॉइल, लिक्विडची मशीन, झुरळांचा स्प्रे यातलं काहीही त्या खोलीत नको, डास मारायचं औषध मुंगीलाही मारतंच.

20-25 कामकरी झाल्यावर मगच पक्कं घर. त्याआधी मोठं घर दिलं तर रिकाम्या खोल्यांत कचरा टाकतात आणि तिथेच बुरशी धरते. घरासाठी मी चिऱ्याचा तुकडा पण करून बघितला, कोरायला सोपा आणि दिसतो फार सुंदर, पण जांभ्याला इतकी भोकं की काच सपाट बसतच नाही आणि मुंग्या बाजूने बाहेर. पीओपी चालतं, पण आपल्याकडे पावसात ते सुकता सुकत नाही आणि ओलं राहिलं की डोंगळे कुरतडतात. सगळ्यात बरा सिपोरेक्सचा ब्लॉक, म्हणजे भिंतीला वापरतात ती सिमेंटची हलकी, बारीक भोकांची वीट, बांधकाम चालू असेल तिथे तुटलेले तुकडे विचारून घ्या, कोणी नाही म्हणत नाही.

पुस्तकाएवढा तुकडा कापा, एक बाजू फरशीवर घासून अगदी सपाट करा, मग जुन्या स्क्रू ड्रायव्हरने तीन-चार खोल्या कोरा, सेंटीमीटरभर खोल, मधले बोगदे 7-8 मिलिमीटर रुंद. कोरताना तोंडाला रुमाल बांधा, धूळ फार उडते. एका टोकाला खोल्यांपासून दोन-तीन सेंटीमीटर लांब एक वेगळा खड्डा, पाणी फक्त त्यात घालायचं, ते ब्लॉकमधून हळूहळू झिरपतं, म्हणजे एक टोक दमट आणि दुसरं सुकं, मुंग्या आपल्याला हवी ती जागा निवडतात. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी थोडं पाणी, जुलै-ऑगस्टमध्ये काचेला आतून घाम दिसला तर अजिबात नाही. ब्लॉक धुऊन पूर्ण सुकवा, वर फोटो फ्रेमवाल्याकडचा काचेचा तुकडा, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर कापून घट्ट बांधा. काचेवर लाल जिलेटीन पेपर लावा, लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणजे आपण बघतो आणि त्यांना अंधारच.

बाहेर फिरायला प्लॅस्टिकची बरणी, आणि घर ते बरणी जोडायला गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी. बरणीच्या आतल्या कडेला लोक टाल्कम पावडर लावतात, ती आपल्या दमट हवेत धरत नाही, त्यापेक्षा खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, ओघळ येता कामा नये. वर बारीक जाळीचं झाकण पाहिजेच. आणि सगळं एका ताटात पाणी घालून त्यात वाटी उपडी ठेवून तिच्यावर ठेवा, आजी दुधाच्या कपाटाच्या पायांखाली ठेवायची तसंच, नाहीतर घरातल्या बारीक मुंग्या आत शिरून अंडी नेतात.

खायला साखरेच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा आणि आठवड्यातून दोनदा बॅटने मारलेली माशी किंवा डास, उरलेलं दुसऱ्या दिवशी काढायचं.

नवीन घरात मुंग्या झटकून टाकू नका. ट्यूब नळीने जोडा, तिच्यावरचा काळा कागद काढा, घर झाकून ठेवा, मग स्वतःच अंडी उचलून नेतात, कधी एका रात्रीत, कधी पंधरा दिवस घेतात. घेऊ देत. राणी आत गेलेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय ट्यूब काढू नका.