जुनी खाट, मशीनचे पाय आणि मे महिन्याचं ऊन: कमी पैशात फ्लॅट कसा लावायचा

जळगावला पिंप्राळ्यात वन बीएचके भाड्याने घेतला तेव्हा डिपॉझिट भरून हातात साडेनऊ हजार उरले होते आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण पोरांना घेऊन येणार होती, म्हणजे बसायला, झोपायला आणि डबे ठेवायला काहीतरी लागणारच होतं. शोरूमला चक्कर मारून आलो. त्या पैशात जो सोफा बसत होता त्याच्या हातावर नख दाबलं तरी खड्डा पडत होता. मग ठरवलं की जुनंच आणायचं आणि आपणच नीट करायचं. जसं केलं तसं सांगतो, चुकलो ते पण सांगतो.

१. आधी टेप घ्या

खोलीचं माप सगळेच घेतात, जिन्याचं कोणी घेत नाही. मेन दार तीन फुटी म्हणतात पण चौकट आणि उघडलेल्या दाराची जाडी धरली तर आत जायला अडीच-पावणेतीन फूटच मिळतात, आणि जिन्याचं वळण तर त्याहून हट्टी. ही मापं मोबाईलमध्ये लिहून ठेवा. वस्तू आवडली की तिचं माप खडूने फरशीवर काढा, दोन दिवस त्या खडूच्या चौकोनाला वळसा घालून चाला, अडचण होते का ते आपोआप कळतं.

२. कधी आणि कुठे शोधायचं

आपल्याकडे याला सीझन असतो. भुसावळला रेल्वेचं डिव्हिजन आहे, तिथे आणि वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, म्हणजे बदलीवाली माणसं भरपूर, आणि शाळांच्या परीक्षा संपल्या की एप्रिल-मेमध्ये सामान हलतं. टेम्पोत जे बसत नाही ते लोक पडेल त्या भावात देतात. बदलीवाल्याशी घासाघीस फार करू नका, त्याला पैशापेक्षा जागा रिकामी करायची घाई असते, "आज संध्याकाळीच उचलतो" म्हटलं की भाव आपोआप खाली येतो.

दुसरी जागा म्हणजे पाडली जाणारी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, जुनी घरं. गावोगाव ती पाडून स्लॅब पडू राहिले, आणि त्यांची दारं, चौकटी, कड्या सागवानी असतात. शिलाई मशीनचे पाय, कूलरच्या स्टँड वगैरे लोखंड भंगारवाल्याकडे किलोवर मिळतं. कूलरची स्टँड पावसाळा लागल्यावर बघा, मार्चमध्ये ती कोणी हातची सोडत नाही.

एमआयडीसीतले पॅलेट, म्हणजे माल ठेवायचे लाकडी पाट, आणणार असाल तर त्यावरचा शिक्का बघा. एचटी म्हणजे लाकूड तापवून किडमुक्त केलेलं, ते चालतं. एमबी असेल तर ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी गॅसची धुरी दिलेलं, घरात नको.

३. बघायचं काय

पॉलिश बघू नका, सांधे बघा. वस्तूचा एक कोपरा धरून हलवा. स्क्रू ढिला असेल तर ठीक, लाकूडच कुजलं असेल तर सोडा. उलटी करून खालची बाजू बघा. पिठासारखा बारीक भुसा आणि टाचणीएवढी गोल भोकं दिसली तर भुंगा आत जिवंत आहे असं समजा. सागवान ओळखायचं तर मागच्या बाजूला, मालकाला विचारून, नखाने किंवा चावीने थोडं खरवडा: आतून सोनेरी-तपकिरी निघतं आणि चामड्यासारखा तेलकट वास येतो.

भुश्याच्या बोर्डाचं म्हणजे पार्टिकल बोर्डाचं फर्निचर जुनं घेऊच नका. पाणी लागलं की फुगतं आणि एकदा उपसलेला स्क्रू त्या भोकात परत पकडत नाही. दुसऱ्याची गादीही नको, आणि लाकडी पलंगात ढेकूण दिसला तर फुकट दिला तरी नको. ढेकूण मरायला ५० अंशाच्या आसपासची गरमी बराच वेळ लागते, आपल्या गच्चीवर लोखंड तेवढं तापतं पण जाड लाकडाच्या सांध्यात आतपर्यंत तेवढी आच पोचेलच असं नाही.

४. खाटेचा सोफा

आता मुख्य काम. मला भुसावळहून पाइपची खाट मिळाली सहाशेला, नवार, म्हणजे विणलेली पट्टी, पार झोळ झालेली, पाय गंजलेले. हीच दिवसा सोफा आणि रात्री पलंग.

जुनी पट्टी कापून टाका. खाट गच्चीवर न्या, पाइपच्या टोकांत आणि जोडांत उकळतं पाणी ओता, ढेकूण-अंडी सगळं जातं, लोखंडाला काही होत नाही. मग दिवसभर उन्हात वाळू द्या. सुकल्यावर तारेच्या ब्रशने गंज काढा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर.

पण थांबा, जुना ऑइल पेंट असेल तर कोरडं घासू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर चालणार नाही हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान पोरांना फार वाईट. वॉटर पेपर घ्या, ओलं घासा, तोंडाला मास्क लावा आणि पोरं खाली पाठवा. निघालेला चिखल फडक्याने पुसून ते फडकं फेकून द्या.

नंतर टर्पेंटाइनने पुसून रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या लाल प्रायमरचा, एक पातळ हात, रात्रभर सुकवा, मग ऑइल पेंटचे दोन पातळ हात. आणि इथेच मी माती खाल्ली. म्हटलं मे महिना आहे, ऊन फुकट आहे, दुपारी एकला रंग मारला की चारला खाट खाली. पाइप एवढा तापलेला की ब्रश टेकवला की रंग वरून लगेच कातडीसारखा सुकायचा आणि आत ओलाच, संध्याकाळी बघतो तर सगळीकडे सुरकुत्या, दुधाच्या सायीसारख्या. शेजारच्या काकू कपडे काढायला आल्या, म्हणाल्या, "भाऊ, उन्हात पापड वाळवतात, रंग नाही मारत." सगळं खरवडून परत केलं. तर धुणं, सुकवणं, ढेकूण मारणं उन्हात, रंग आणि पॉलिश मात्र सकाळी सातच्या आत किंवा सावलीत.

नवार विणायला दोन माणसं लागतात. नायलॉनची पट्टी आणा, दुकानदाराला खाटेची लांबी-रुंदी सांगितली की तो अंदाजाने देतो. पट्टीचं टोक डोक्याकडच्या पाइपला दोन वेढे देऊन दाभण-सुतळीने पक्कं शिवा. आधी सगळे उभे वेढे डोक्याकडून पायाकडे, पट्टीला पट्टी चिकटून, मध्ये पीळ पडू द्यायचा नाही. एकाने ओढायचं, दुसऱ्याने वेढा पाइपवर तळव्याने दाबून धरायचा. मग आडवं: एका पट्टीच्या वरून, दुसरीच्या खालून, पुढच्या ओळीला उलटं. प्रत्येक ओळ झाली की लाकडी पट्टीने ठोकून मागच्या ओळीला भिडवा. जोर लावा पण बारीक पाइप असेल तर बेताने, फार ताणलं की मधे आत वाकतो. आठ-दहा दिवस झोपल्यावर पट्टी बसते, तेव्हा शेवटचा टाका उसवून एकदा परत ओढून घ्या. हे सगळे विसरतात आणि मग म्हणतात झोळ झाला.

वर गादी? आईकडे माळ्यावर कापसाची जुनी गादी होती, दगडासारखी झालेली. पिंजाऱ्याकडे नेली, मला वाटलं तो फेकायला सांगेल. त्याने मूठभर कापूस ओढून बघितला, म्हणाला, "याले काय झालं भाऊ, नुसता दबू राहिला." पिंजून नवी खोळ घातली की दुप्पट फुगली. वर आजीची लुगड्याची गोधडी टाकली आणि भिंतीला दोन लोड.

५. मशीनच्या पायांचं टेबल

जुन्या शिलाई मशीनचे बिडाचे पाय म्हणजे नक्षीदार तयार टेबलच, फक्त फळी हवी. मी सागवानी दाराचं एक पान आणलं आणि सुताराकडून अर्धं कापून घेतलं, कारण जुन्या दारात खिळे लपलेले असतात आणि मशीनची करवत खिळ्यावर गेली तर डोळा जायचा. त्यामुळे कापायच्या आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधून काढायचे. भोकं सागाच्या भुश्यात फेव्हिकॉल कालवून बुजवली.

घासताना ८०, १२०, मग २२० असं जा आणि कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आडवं घासलं तर ओरखडे पॉलिशनंतर उठून दिसतात. मग चपडा म्हणजे लाखेचं पॉलिश: १०० ग्रॅम चपडा अर्धा लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये काचेच्या बाटलीत रात्रभर, सकाळी कपड्यातून गाळा. कापसाचा बोळा जुन्या सुती धोतरात गुंडाळायचा आणि भराभर पातळ हात द्यायचे, एका जागी दोनदा थांबायचं नाही. मी सात हात दिले. स्पिरिट पेट घेतं, गॅसच्या आसपास हे काम नको. लाखेवर गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो, चहाचं टेबल करायचं असेल तर वरून वॉर्निश मारा. आणि पावसाळ्यात लाखेच्या नादी लागू नका, दमट हवेत ती पांढरट पडते.

फळी पायांना स्क्रूने बसवली. घरात लहान पोरं असतील तर खालचं चाक तारेने बांधून टाका, बोट सापडतं.

बाकी किरकोळ. कूलरच्या स्टँडवर दोन फळ्या टाकून किचनचं रॅक झालं, रंग खाटेचाच उरलेला. पडदे साड्यांचे. जुना पंखा दोनशेला मिळत होता पण वायर कडक झालेली बघून सोडला, विजेच्या वस्तूत मी जुनं घेत नाही.

आखाजीला बहीण आली, खाटेवर बसून आधी दोन्ही हातांनी दाबून बघितली आणि मग पोरांना चढू दिलं. दाराचा उरलेला अर्धा भाग बाल्कनीत उभा आहे, त्याचं बाकडं करायचंय, पण आता पाऊस लागला, म्हणून चपड्याची पुडी तशीच ठेवून दिलीय ऑक्टोबरपर्यंत.