नवी बॅच टाकण्याआधी शेडमधली धूळ काढा, मरेक्स तिथेच बसलेला असतो

दिवाळीनंतर गावरान किंवा अंड्यावरच्या कोंबड्यांची पिल्लं आणणार असाल, तर आधी शेडच्या जाळीवर बोट फिरवून पाहा. बोटाला पिसांचा करडा भुसा लागला तर पिल्लं उशिरा मागवा. मरेक्स म्हणजे कोंबड्यांना लुळं करणारा, अंगात गाठी आणणारा रोग. त्याचा विषाणू पिसांच्या मुळाशी वाढतो, कातडीच्या कोंड्याबरोबर झडतो आणि कोरड्या धुळीत कित्येक महिने टिकतो. पिल्लू तो श्वासावाटे ओढून घेतं. अंड्यातून तो येत नाही.

लागण होते पहिल्या दिवसांत आणि मर लागते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, तलंगा (तरुण माद्या) अंड्यावर यायच्या तोंडावर. तोवर खाद्याचा सगळा खर्च झालेला असतो! एक पाय पुढे, एक मागे ताणून पक्षी पडतो, पंख लोंबतो, कधी बुबुळ करडं होतं. फाडून पाहिलं तर यकृतात गाठी आणि मांडीतली मज्जातंतूची शीर एका बाजूला जाड, पिवळसर.

'लस दिलीय' म्हणून जमिनीवर अंथरलेल्या जुन्याच तुसावर पिल्लं सोडणारे दरवर्षी बुडतात. लस हवीच: 0.2 मिली, मानेच्या कातडीखाली, पहिल्याच दिवशी हॅचरीत. बिलावर तशी नोंद मागून घ्या. पण तिचा जोर धरायला आठवडा-दोन आठवडे जातात. शिवाय लस गाठी रोखते, लागण नाही. लस दिलेली कोंबडीही विषाणू झाडत राहते. म्हणून मोठ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये पिल्लं नकोतच.

शेड रिकामी झाल्यावर:
- तूस उचलून लांब टाका
- छत, जाळी, पंखे, पडदे झाडून धुवा
- 2 टक्के फॉर्मलिन फवारा (मास्क, हातमोजे घालून)
- भिंतींना चुना
- 2-3 आठवडे शेड बंद

माझा अनुभव असा की जमीन सगळे धुतात, छताची जाळी-जळमटं तशीच राहतात आणि लंगडे पक्षी त्याच कोपऱ्याखाली आधी दिसतात. थंडीत पडदे पूर्ण बंद केले की धूळ आतच फिरते. वरून वीतभर फट ठेवा.

पक्षी लंगडायला लागले की दुकानदार लिव्हर टॉनिक, अँटिबायोटिक हातात देतो. मरेक्सवर औषध नाही, एक रुपयाही घालू नका. मात्र राणीखेत रोगानं किंवा जीवनसत्त्वाच्या कमतरतेनंही पाय जातात, म्हणून ताजा मेलेला पक्षी पशुवैद्यकाकडून फाडून तपासून घ्या. मरेक्स निघाला तर आजारी पक्षी वेगळे काढा, मेलेले चुना टाकून खोल पुरा. माणसाला हा रोग होत नाही.