जेरुसलेमची जुनी चित्रं घेताना या चुका टाळा

सोनेरी घुमट दिसला की लोक भुलतात. एकोणिसाव्या शतकातलं म्हणून विकायला आलेलं चित्र, मधोमध ‘डोम ऑफ द रॉक’ या इस्लामी वास्तूचा पिवळाधमक घुमट, आणि घेणारा खूश. खरं तर तिथेच थांबायला हवं. त्या काळी हा घुमट शिशाच्या पत्र्याने मढवलेला, काळपट करडा होता. सोनेरी झाला तो १९६०च्या दशकातल्या दुरुस्तीनंतर. उन्हात शिसंही चमकतं, पण ती चमक एका अंगाला, दुसरी बाजू करडीच. सगळा घुमट सारखा सोनेरी असेल, तर चित्र नंतरचं आहे किंवा कोणीतरी ‘सुधारलेलं’ आहे. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारा. जुनं वॉर्निश हिरवट चमकतं, त्यावर चढवलेला रंग काळ्या डागासारखा दिसतो. वरून पुन्हा वॉर्निश दिलं असेल तर मात्र हे लपतं.

इमारतींवरूनही साल पकडा. मेरी मॅग्डलीन चर्चचे कांद्यासारखे घुमट १८८८चे, रिडीमर चर्चचा उंच मनोरा १८९८चा. चित्रावर १८५५ आणि हा मनोरा? मग सहीकडे बघायचीही गरज नाही.

सही बघायचीच तर भिंगाखाली बघा. तिचा रंग जुन्या भेगांत उतरलेला असेल, तर ती मागाहून केलेली आहे.

‘ऑलिव्ह पर्वतावरून सूर्यास्त’ या नावावर डोळे मिटून विश्वास नको. तो डोंगर शहराच्या पूर्वेला. मावळता सूर्य शहरामागे जातो, समोरची तटबंदी सावलीत राहते. भिंत उजळलेली असेल, तर ती सकाळ आहे.

स्कॉटिश चित्रकार डेव्हिड रॉबर्ट्सच्या चित्रांवरून काढलेल्या, हाताने रंगवलेल्या शिळाछापांना (दगडावरून छापलेल्या चित्रांना) जलरंग समजून पैसे मोजणारे अजून भेटतात. दहापट भिंग घ्या: रंगाखाली दगडावरच्या खडूचा दाणेदार पोत दिसला तर शिळाछाप, ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर आधुनिक छपाई.

सर्वांत चीड येते ती चित्र साफ करायला त्यावर बटाट्याची फोड घासणाऱ्यांची. दोन मिनिटांत मळ निघतो, म्हणून ही युक्ती पसरते. ओलावा भेगांतून खालच्या थरात जातो, रंगाचे पापुद्रे सुटतात. स्टार्च भेगांत राहतो आणि दमट हवेत बुरशी धरते. स्पिरिट त्याहून वाईट: संध्याकाळच्या आकाशातला गुलाबी थर वॉर्निशइतकाच पातळ असतो, मळाबरोबर तोही बोळ्यावर येतो आणि परत बसवता येत नाही. रंग घट्ट बसलेला असेल तरच मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली धूळ झटका. बाकी काम संवर्धकाचं, महिनाभर थांबावं लागलं तरी.

चित्राच्या मागची जुनी चिठ्ठी मात्र काढू नका. तिच्यावरचं ‘ओमरची मशीद’ हे नाव चुकीचं असलं, तरी तेव्हाचे युरोपीय डोम ऑफ द रॉकला तेच म्हणत.