रोज चालवायच्या स्पोर्ट्स सेडानला टायर निवडताना

आधी जुन्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, वाचा. माझ्या गाडीच्या टायरवर '२२५/४५ आर१७ ९१डब्ल्यू' असं आहे. रुंदी २२५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्याच्या ४५ टक्के, रिम १७ इंची. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो भार, डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटर. एवढ्या वेगात कोण जातंय म्हणा! पण भाराचा आकडा गाडीच्या कंपनीने दिलाय त्याच्या खाली मी कधीच उतरत नाही.

मग पकड. ट्रॅकसाठीचं मऊ रबर रोज ऑफिसला जायला नको. ते लवकर झिजतं, आवाज करतं, आणि नक्षी उथळ असल्याने साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगू लागते. मी ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगला पहिला मान देतो, वळणावरच्या चपळाईला दुसरा. पारा ७ अंशांखाली राहत असेल तर समर टायरचं रबर कडक होतं. तिथे ऑल-सीझन किंवा विंटरच.

विकत घेताना तारीख बघा: साइडवॉलवर 'DOT'ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे '२३२५' असतील तर टायर २०२५च्या २३व्या आठवड्यातला. दोनच बदलणार असाल तर नवे मागे बसवा, गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद पुढच्या चाकांना) असली तरी.