पान ३७ आलं की प्रोग्रॅम बंद पडतो: कारण कसं शोधायचं

मिरजेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं, सोसायट्यांचे अहवाल, आणि गणपती उठले की दिवाळी अंक. त्यामुळे काम करता करता प्रोग्रॅम पटकन बंद पडणं म्हणजे काय, हे मला रोजच्या अनुभवानं माहीत आहे. अर्धा तास खपून जुळवलेलं पान डोळ्यांदेखत जातं, आणि मग माणूस चिडून हाताला येईल ते करत सुटतो. प्रोग्रॅम काढतो, परत टाकतो. तेवढ्यानं भागलं नाही तर विंडोजसकट सगळं नव्यानं टाकून घेतो. चार दिवसांनी तोच प्रकार पुन्हा सुरू होतो, कारण दुखणं भलतीकडेच असतं.

म्हणून माझा नियम असा: आधी शोधायचं, मग हात लावायचा. आणि हात लावायचा तर एका वेळी एकाच गोष्टीला. एकदम तीन गोष्टी बदलल्या आणि काम सुरू झालं, तर कशानं झालं ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा अंधारातच चाचपडावं लागतं.

गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकाचं उदाहरण घेऊन सांगते. अंक १४४ पानांचा. लिब्रेऑफिस रायटर या पानं लावायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये लावत होते, मशीनवर विंडोज ११. संपादक म्हणजे आमच्या भागातले निवृत्त शिक्षक. प्रूफ बघायला शेजारी बसले होते. पान ३७ आलं की रायटर बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा ३७, पुन्हा बंद.

"ताई, हा प्रोग्रॅमच काढून परत टाकूया का?"

"नको सर. आधी फाइल सुरक्षित करू. मग बघू कुठं अडतंय."

सगळ्यात आधी फाइल

मूळ फाइल बाजूला ठेवा आणि तिची प्रत काढून प्रतीवरच प्रयोग करा. प्रोग्रॅम बंद पडल्यावर पुन्हा उघडताना तो जुनं काम परत आणायचं का असं विचारतो. 'हो' म्हणा, पण आलेली फाइल वेगळ्या नावानं सेव्ह करा. जुन्या चांगल्या फाइलवर अर्धवट फाइल चढली तर रडायलाही जागा उरत नाही.

फाइल अजिबात उघडतच नसेल तरी धीर सोडू नका. रायटरची फाइल, म्हणजे ओडीटी, ही आतून एक झिप, म्हणजे अनेक फाइलींचं गाठोडं असते. प्रत काढा, नावाच्या शेवटी ओडीटीच्या जागी झिप लिहा आणि उघडा. आत 'पिक्चर्स' नावाच्या फोल्डरमध्ये सगळी चित्रं असतात आणि 'कंटेंट' नावाच्या फाइलमध्ये सगळा मजकूर. मजकूर खुणांच्या जंगलात असतो, पण असतो. दुसरा मार्ग म्हणजे नवी कोरी फाइल उघडून 'इन्सर्ट' मेन्यूतून जुन्या फाइलचा मजकूर आत घ्यायचा. गूगल डॉक्समध्येही ओडीटी उघडते. तिथून निदान मजकूर तरी हाती लागतो.

बंद पडलं म्हणजे नेमकं काय झालं?

माझ्या टेबलावर एक शंभरपानी वही असते. प्रोग्रॅम बंद पडला की वेळ, फाइल, पान आणि त्या क्षणी मी काय करत होते, हे चार शब्दांत लिहून ठेवते. चार-पाच नोंदी झाल्या की त्यांतला सारखेपणा आपोआप दिसायला लागतो. दर वेळी फोटो टाकतानाच जातोय का? प्रिंट दिल्यावरच? की वेळकाळ काहीच ठरलेलं नाही?

त्यातही तीन दुखणी वेगवेगळी आहेत. खिडकी फटकन नाहीशी होते, तो क्रॅश. खिडकी पांढुरकी पडते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं आणि माउस फिरत राहतो, ते हँग. आणि अख्खं मशीनच बंद होतं किंवा आपोआप रीस्टार्ट होतं, ते तिसरं. या तिसऱ्यात प्रोग्रॅमला दोष देऊ नका. वीज, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) किंवा उष्णता बघा. आमच्याकडे मार्च उजाडला की कॅबिनेट उघडून ब्लोअरनं धूळ काढावीच लागते. प्लग काढूनच करा, आणि पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. ब्लोअरच्या झोतानं पंखा गरागरा फिरू देऊ नये.

हँग होत असेल तर आधी प्रिंटर तपासा. रायटर आणि त्याच्यासारखे प्रोग्रॅम पानाची मांडणी करताना डीफॉल्ट, म्हणजे आपोआप निवडल्या जाणाऱ्या प्रिंटरची माहिती विचारतात. तो प्रिंटर दुसऱ्या खोलीतल्या बंद मशीनला जोडलेला असेल, तर उत्तराची वाट बघत प्रोग्रॅम ताटकळतो. डीफॉल्ट म्हणून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा आणि फरक पडतो का बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणखी एक फाटा. फक्त एकच प्रोग्रॅम पडतोय, की आज रायटर, उद्या ब्राउझर, परवा तिसरंच काही? एकमेकांशी संबंध नसलेले प्रोग्रॅम पडत असतील तर संशय रॅमवर (मशीनच्या तात्पुरत्या मेमरीवर) किंवा डिस्कवर. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधा. मशीन रीस्टार्ट होऊन तपासणी चालते. दोष निघाला तर मशीन बंद करून, प्लग काढून, रॅमची पट्टी काढा, तिचे सोनेरी दात खोडरबरानं हलकेच पुसा आणि घट्ट बसवा. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून तपासा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला नाही ना, तेही बघून घ्या.

तीन साध्या चाचण्या

माझ्याकडे फक्त रायटरच पडत होता, आणि तोही एकाच फाइलवर. तेव्हा या तीन गोष्टी करून बघितल्या.

पहिली, त्याच प्रोग्रॅममध्ये कोरी फाइल. पाच-सहा पानं मजकूर टाकला, काही झालं नाही. दुसरी, तीच फाइल दुसऱ्या मशीनवर. तिथं पान ३७ उघडलं, फक्त कवितेचा फॉन्ट वेगळा दिसला. तिसरी, त्याच मशीनवर विंडोजचं दुसरं यूजर अकाउंट. तिथंही उघडलं!

ही तिसरी चाचणी बहुतेक लोक करत नाहीत, आणि खरी माहिती तीच देते. मशीन तेच, प्रोग्रॅम तोच, फाइल तीच. मग बदललं काय? फक्त यूजर. म्हणजे दोष माझ्या अकाउंटमध्ये साठलेल्या कुठल्यातरी गोष्टीत होता. प्रोग्रॅम काढून परत टाकला असता तर काडीचाही उपयोग झाला नसता, कारण यूजरची सेटिंग्ज त्यानं पुसली जात नाहीत.

लिब्रेऑफिस ही सेटिंग्ज 'यूजर' नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवतं, आणि तो बिघडला की नाना तऱ्हा होतात. त्यासाठी 'हेल्प' मेन्यूत 'रीस्टार्ट इन सेफ मोड' आहे. सेफ मोडमध्ये प्रोग्रॅम तात्पुरत्या कोऱ्या सेटिंग्जवर चालतो, एक्स्टेन्शन (वरून जोडलेल्या जादा सोयी) बंद असतात, ग्राफिक्स कार्डाची मदत घेतली जात नाही. तिथं नीट चालला तर कारण या तिघांपैकी एक. मग आधी एक्स्टेन्शन एकेक बंद करून बघा. नंतर 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'व्ह्यू' इथं जाऊन स्किया सॉफ्टवेअरवर चालवायचा पर्याय लावा. स्किया म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग. २०२० च्या ७.० आवृत्तीपासून तो लिब्रेऑफिसमध्ये आहे, आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम) जुना असेल तर तिथं खटके उडतात. एवढ्यानंही जमलं नाही तरच 'यूजर' फोल्डरचं नाव बदलून प्रोग्रॅमला नवा करू द्या. फोल्डर काढून टाकू नका. तुमचा शब्दकोश आणि ऑटोटेक्स्ट त्यातच असतात.

माझ्याकडे सेफ मोडमध्येही पान ३७ आलं की बंद. म्हणजे ही तिन्ही कारणं बाद.

विंडोजनं काय लिहून ठेवलंय?

आपल्यासारखी विंडोजचीही एक वही असते. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी हिस्टरी' शोधा. तारखेनुसार आलेख दिसतो आणि ज्या दिवशी काही पडलं तिथं लाल फुली असते. मी हे पान आधी बघते, कारण फुल्या कधीपासून सुरू झाल्या ते एका नजरेत कळतं. त्याच्या आदल्या दिवशी काय टाकलं होतं? नवा ड्रायव्हर? अपडेट? माझ्या फुल्या मंगळवारपासून होत्या.

अधिक खोलात जायचं तर 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, त्यात 'विंडोज लॉग्ज', त्यात 'ॲप्लिकेशन'. क्रॅश झालेल्या वेळेची लाल खुणेची नोंद शोधा. तिचा आयडी १००० असतो. हँगची नोंद १००२ ची. नोंद उघडली की 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' ही ओळ वाचा. पडताना प्रोग्रॅम कुठल्या भागात होता ते तिथं लिहिलेलं असतं. खाली 'एक्सेप्शन कोड' असतो. त्यात सी, मग शून्यांची रांग आणि शेवटी ५ असेल, तर प्रोग्रॅमनं आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीत हात घातला असं समजायचं. हा कोड फार वेळा दिसतो, त्यावरून एकट्यानं काही ठरत नाही.

मॉड्यूलच्या नावाचंही तारतम्यानं घ्या. एनटीडीएलएल हे विंडोजच्या गाभ्यातल्या एका फाइलचं नाव दिसलं म्हणून लगेच विंडोज बिघडलं असं नाही. तो चौक आहे. सगळी वाहनं तिथूनच जातात, म्हणून अपघात तिथं होतो, पण ब्रेक निकामी झालेला ट्रक दुसऱ्याच रस्त्यानं आलेला असतो. नाव ग्राफिक्स ड्रायव्हरचं असेल तर मात्र ड्रायव्हर बदलून बघण्यात अर्थ आहे.

माझ्या नोंदीत नाव होतं डीराइट. अक्षरं पडद्यावर काढणारा विंडोजचा भाग. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मंगळवारी दुसऱ्या छापखान्यातून एका कवीच्या कविता पेनड्राइव्हवर आल्या होत्या. सोबत फॉन्टचं फोल्डर होतं. त्यातले ४६ च्या ४६ फॉन्ट मी एकदम निवडून टाकले होते.

निम्मे-निम्मे

विंडोज १० च्या २०१८ सालच्या १८०९ आवृत्तीपासून साध्या पद्धतीनं टाकलेला फॉन्ट फक्त त्या यूजरपुरताच बसतो. सगळ्यांसाठी हवा असेल तर 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' वेगळं निवडावं लागतं. दुसऱ्या अकाउंटमध्ये फाइल का उघडली, त्याचं उत्तर हे. तिथं ते फॉन्ट नव्हतेच, म्हणून रायटरनं दुसरा फॉन्ट वापरून काम भागवलं.

आता ४६ फॉन्ट एकेक काढून बघायचे? नाही. रायटर बंद केला आणि निम्मे, म्हणजे २३ काढले. फाइल उघडली, पडली. म्हणजे दोषी उरलेल्या २३ मध्ये. त्यातले १२ काढले. पान ३७ उघडलं. म्हणजे दोषी त्या १२ मध्ये. त्यातले ६ परत टाकले, मग ३, असं करत सहाव्या फेरीला एक फॉन्ट हातात आला. सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागली. ही युक्ती फॉन्टपुरती नाही. एक्स्टेन्शन असोत, फाइलमधली पानं असोत किंवा मशीनबरोबर सुरू होणारे प्रोग्रॅम, शंभर संशयित असले तरी सात फेऱ्यांत एकावर येता येतं. एक लक्षात ठेवा: तुमच्याकडे ज्यांच्या मूळ फाइली आहेत तेच फॉन्ट काढा. विंडोजबरोबर आलेल्या निर्मला यूआय किंवा सीगो यूआयला हात लावू नका.

तो फॉन्ट जुन्या काळचा, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची ठरलेली पद्धत) नसलेला, आणि त्याची फाइल कुठंतरी प्रतीवर प्रत होताना खराब झालेली. सरांनी कविता मोठ्यानं वाचली आणि मी बावीस ओळी युनिकोडमध्ये नव्यानं टाइप केल्या. पान ३७ लागलं ते लागलंच.

फोटोंचं राहिलं. स्मरणिकांमध्ये फॉन्टपेक्षा तेच जास्त छळतात. ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो डिस्कवर आठ-दहा एमबीचा दिसला तरी मेमरीत उलगडला की सुमारे ९६ एमबी घेतो. असे वीस फोटो म्हणजे जवळपास २ जीबी. आणि प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल तर त्याची एरवीची मर्यादाच २ जीबी. पानावर पाच इंच रुंद छापायचा फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १५०० पिक्सेल रुंद पुरतो. आधी लहान करा, मग पानात टाका. माझं निम्मं क्रॅशचं दुखणं या एका सवयीनं गेलं.

इतकं करूनही कारण प्रोग्रॅममध्येच निघालं तर ते बनवणाऱ्यांना कळवा. लिब्रेऑफिससाठी बगझिला ही दोष नोंदवायची वेबसाइट आहे, बाकीच्यांचे आपापले पत्ते असतात. नुसतं 'बंद पडतो' लिहू नका. 'हेल्प', 'अबाउट'मधली आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, इव्हेंट व्ह्यूअरची नोंद, पहिल्या क्लिकपासून बंद पडेपर्यंतच्या पायऱ्या, आणि दहा वेळा केलं तर किती वेळा पडतो तो आकडा द्या. सोबत फाइल जोडायची तर तीही निम्मी-निम्मी करत एका पानावर आणा. गिऱ्हाइकाची नावं, फोन नंबर, पत्ते काढून त्या जागी कखग टाका आणि मग पुन्हा एकदा उघडून बघा, अजून पडते ना.