गालेत दे र्‍वा: तीन राजांच्या सणाचा बदामी केक

६ जानेवारी हा एपिफनीचा, म्हणजे प्रकटीकरणाचा सण. पूर्वेकडच्या मागी लोकांनी, म्हणजे ज्यांना परंपरेत तीन राजे म्हणतात त्या ज्ञानी पुरुषांनी, बाळ येशूचं दर्शन घेतलं, त्याची ही आठवण. फ्रान्समध्ये त्या दिवशी सुट्टी नसते, त्यामुळे चर्चमध्ये सण २ ते ८ जानेवारीमधल्या रविवारी होतो. घरोघरी मात्र जानेवारीभर केक कापला जातो. देशाच्या उत्तरेकडे तो पफ पेस्ट्रीचा आणि बदामाच्या सारणाचा असतो. प्रोव्हान्समध्ये संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा वास असलेली, पाकवलेल्या फळांनी सजवलेली ब्रिओशची गोल कडी करतात. तिची रीत अगदी वेगळी, यीस्टच्या पावाची. इथे दिली आहे ती उत्तरेकडची. आठ जणांना पुरेल.

पेस्ट्रीसाठी २५० ग्रॅम मैदा, ५ ग्रॅम मीठ, १२५ मिली गार पाणी आणि घड्यांमध्ये घालायला २०० ग्रॅम बटर. पीठ मळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. बटर लाटण्याने ठोकून चौकोनी वडी करा, पिठात गुंडाळा, लांबट लाटा आणि तीन पदरी घडी घाला. अशा एकूण सहा घड्या, दर दोन घड्यांनंतर अर्धा तास फ्रिज. पीठ आणि बटर सारख्याच मऊपणाचं हवं. बटर कडक असेल तर लाटताना त्याचे तुकडे पडतात, वितळू लागलं तर ते पिठात मुरतं आणि पदर सुटतच नाहीत. विकतची पेस्ट्री वापरायला हरकत नाही, फक्त ती वनस्पती तुपाची नसून बटरची आहे ना, ते पाहून घ्या. चवीत मोठा फरक पडतो.

तयार पेस्ट्रीच्या ३ मिमी जाडीच्या, २६ सेंमी व्यासाच्या दोन चकत्या कापा. धारदार सुरीने एका झटक्यात कापा. सुरी ओढत नेली की कडेचे पदर एकमेकांना चिकटतात. चकत्या फ्रिजमध्ये ठेवा.

सारणासाठी १०० ग्रॅम मऊ बटर, १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम बदामाची पूड, दोन अंडी, १० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, हवी असल्यास चमचाभर रम. बटर आणि साखर एकत्र करा, अंडी एकेक घाला, शेवटी बदाम आणि कॉर्नफ्लोअर. फेटून हलकं करायचा मोह आवरा: आत हवा भरली की ओव्हनमध्ये सारण फुगतं, पेस्ट्री फाडून बाहेर येतं आणि नंतर खचतं. खऱ्या फ्राँजिपानमध्ये, म्हणजे बदाम-कस्टर्डच्या सारणात, या सारणाच्या निम्मं कस्टर्डही मिसळतात. ते जास्त मऊ लागतं, पण ओलंही असतं. पहिल्या खेपेला नुसत्या बदामाचंच करा.

एका चकतीवर सारण पसरा, पण कडेने पुरती २ सेंमी जागा मोकळी सोडा. बिघडलेल्या बहुतेक गालेतींचं कारण अरुंद सोडलेली कडच असतं. कडेला बोटाने पाणी लावा. अंडं नको, त्याने कड नीट चिकटत नाही. आता फेव्ह, म्हणजे केकमध्ये लपवायची छोटी वस्तू, ठेवायचा. पूर्वी हा वालासारखा सुका दाणा असे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी मातीची छोटी बाहुली आली. तो सारणाच्या बाहेरच्या काठाजवळ ठेवा, कारण प्रत्येक काप मध्यातून जातो. प्लॅस्टिकचा फेव्ह वितळतो, तो नकोच. अगदी लहान मुलं असतील तर अख्खा बदाम घाला, आणि खाण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवा. दात मोलाचे आहेत.

दुसरी चकती वर ठेवून कड बोटांनी घट्ट दाबा. मग अख्खी गालेत ट्रेवर उलटी करा, म्हणजे सपाट बाजू वर येईल आणि फुगल्यावर पृष्ठभाग सारखा दिसेल. सुरीच्या बोथट बाजूने कडेवर दर २ सेंमीवर तिरप्या खाचा द्या. निदान तासभर फ्रिजमध्ये ठेवा, रात्रभर ठेवली तर उत्तम.

एका बलकात चमचाभर दूध मिसळून वरून लावा, पण ते बाजूने ओघळू देऊ नका. ओघळलेलं अंडं पदर बांधून टाकतं आणि त्या बाजूला गालेत फुगत नाही. अर्ध्या तासाने दुसरा हात द्या आणि सुरीच्या टोकाने मध्यापासून कडेपर्यंत वळणदार रेषा ओढा. सुरी आरपार जाऊ नये. वाफेसाठी मध्ये एक आणि रेषांमध्ये चार बारीक भोकं मात्र आरपार हवीत.

ओव्हनच्या खालच्या कप्प्यात २०० अंशांवर १० मिनिटं, मग १८० वर ३० ते ३५ मिनिटं. तळ उचलून पाहा. तोही तपकिरी हवा, फिकट असेल तर आत पेस्ट्री कच्ची आहे. बाहेर काढल्या काढल्या ५० ग्रॅम साखर आणि ५० मिली पाण्याचा पाक ब्रशने लावा, छान चकाकी येते.

कापताना माणसांपेक्षा एक तुकडा जास्त करतात, तो गरिबाचा वाटा. घरातलं सर्वांत लहान मूल टेबलाखाली बसतं आणि कुठला तुकडा कुणाचा ते न बघता सांगतं. फेव्ह ज्याला सापडेल तो राजा किंवा राणी, सोनेरी कागदाचा मुकुट त्याचा. राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादातल्या गालेतीत मात्र फेव्ह घालत नाहीत, प्रजासत्ताकात राजा कसा चालेल!

कोमटच वाढा. उरलेली गालेत दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये १५० अंशांवर १० मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये पदर लिबलिबीत होतात.